माप न घेता

५ जानेवारी १९९२, रविवार

डेअरीने यंदाही डायरी दिली. गेल्या वर्षीची निम्मी कोरी गेली, कारण तिच्यात मी फक्त आईच्या गोळ्या आणि गॅसचा नंबर कधी लावला ते लिहीत होते. यंदा दुसरं काहीतरी लिहायचं ठरवलंय. निमित्त वहिनींनी दिलं.

दादाच्या मैनाचं लग्न ठरलं, तीन मेला. संध्याकाळी वहिनी माझ्या खोलीत येऊन म्हणाल्या, ‘वन्सं, रुखवताचं तुमच्याकडं.’ विचारलं नाही, सांगितलं. घराण्यातल्या सगळ्या मुलींच्या रुखवतातलं क्रोशाचं काम मीच केलंय. वस्तूपुढे चिठ्ठी लागते, ‘चि. सौ. कां. अमुक हिने स्वतः विणलेले.’ दादाचं अक्षर वळणदार, म्हणून चिठ्ठ्या तो लिहितो. त्या मुलींतल्या एकीला सुई कुठल्या टोकाने धरतात हेही माहीत नव्हतं. आता तिच्या टीव्हीवर माझा रुमाल आहे आणि तो तिने नीट ठेवलाय. माझी तक्रार नाही.

मात्र दर वेळी काय करायचं यावरून वाद होतात. तेव्हा मला काय आवडतं आणि काय नाही हे एकदा लिहूनच ठेवते.

दोरा पांढरा किंवा मोतिया. लोकर नाही, रंगीत तर मुळीच नाही. छोटे छोटे चौकोन विणून जोडायचे, हा प्रकार आवडत नाही. जोडताना कुठलातरी एक नेहमी मोठा निघतो. मोर, हंस, गणपती नाहीत. कापूस भरून करायच्या बाहुल्या नाहीत. सर्वांत आवडतं ते गोल काम. साखळीचं एक लहानसं कडं करायचं आणि त्याच्याभोवती फेऱ्या घालत जायचं. वाटेल तिथे थांबता येतं.

अंगात घालायचं काही मी करत नाही. स्वेटर नाही, टोपी नाही, झबलंसुद्धा नाही. त्याला माणसाचं माप घ्यावं लागतं. माणसं जाड होतात, बारीक होतात आणि दोष विणणारीला देतात. टीव्हीचं तसं नसतं.

चूक झाली तर चुकीपर्यंत उसवायचं. हा नियम मी आजवर मोडलेला नाही.

९ जानेवारी, गुरुवार

मैनाला टेडी बेअर हवाय.

‘आत्या, प्लीज. माझ्या फ्रेंडच्या रुखवतात होता. इतका क्यूट!’

‘तुझ्या मैत्रिणीच्या आत्याला सांग.’

‘तिला आत्या नाहीये. त्यांनी विकत आणला.’

‘मग तूही आण.’

ती हसत निघून गेली. ती माझ्यावर रुसत नाही, हा तिचा चांगला गुण आहे. टीव्हीचा रुमाल, तोरण आणि तिपाईवरचा एक गोल रुमाल एवढं ठरवलंय. गोल रुमालाला अननसाची नक्षी घेणार. ती हाताला सवयीची आहे.

२० जानेवारी, सोमवार

जुबेदा आणि मी डेअरीच्या लॅबमध्ये एकाच टेबलावर दुधाचे नमुने तपासतो. आज दुपारी चहाच्या वेळी ती म्हणाली, ‘रागावणार नसलीस तर एक बोलू?’

‘रागावण्यासारखं असलं तर रागावेन.’

‘एक स्थळ आहे.’

‘कुणासाठी?’

‘माझ्यासाठी. इम्तियाजना अजून सांगितलेलं नाही.’

मग तिने सगळं सांगितलं. इम्तियाजच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या ओळखीचे गृहस्थ आहेत, मच्छिंद्र खुटवड. इथेच कात्रजला सर्पोद्यानात साप सांभाळतात. बायको जाऊन बरेच दिवस झाले. मुलगी फलटणला दिली आहे. वय पन्नास.

मी म्हणाले, ‘मी त्रेचाळीस वर्षांची आहे.’

‘त्यांना सांगितलंय. ते म्हणाले, अजगरही तेवढं जगत नाही.’

ही स्तुती आहे का हे मला कळलं नाही. मी नाही म्हणून सांगितलं. नमुने चांगले होते. संध्याकाळी गोल रुमालाला सुरुवात केली. फेऱ्या सरळ आणि मऊ पडल्या. दोरा चांगला लागलाय.

२ फेब्रुवारी, रविवार

जुबेदाच्या अम्मी अमिनाबी नारायण पेठेतून दोन दिवस तिच्याकडे आल्यात. त्यांना साप बघायचे होते, असं जुबेदा म्हणाली. मी सोबतीला गेले. अमिनाबींनी पहिल्या नागाकडे पाठ केली आणि बाकड्यावर बसून राहिल्या. त्या साप बघायला आलेल्या नव्हत्या हे उघड होतं. मी मात्र कळलं नाही असं दाखवलं.

खुटवड उंच आहेत, थोडे वाकलेले. डाव्या हाताचं एक बोट वाकडं राहिलंय. ते एका धामणीला या पिंजऱ्यातून त्या पिंजऱ्यात नेत होते. हातात लांब काठी, तिच्या टोकाला आकडा. मी विचारलं, ‘ओढला तर काय होतं?’

‘ओढायचा नसतो. ओढला की तो आवळून घेतो. आकड्यावर नुसता तोलायचा, तो आपला आपण येतो.’

क्रोशातही दोरा ओढायचा नसतो. हे मी बोलले नाही. पिशवीतून रुमाल काढून बाकड्यावर विणत बसले, तर ते हात धुऊन आले आणि समोर उभे राहिले.

‘काय होणार आहे हे?’

‘तिपाईवरचा रुमाल.’

‘यात काय ठेवतात?’

‘यात काही ठेवत नाहीत. हा घालतात आणि वर फुलदाणी ठेवतात.’

‘मग हा दिसणार कसा?’

‘कडा दिसतात.’

त्यांनी त्यावर खरोखर विचार केला. ‘म्हणजे मधलं सगळं झाकलंच जायचं,’ असं म्हणाले आणि कामाला गेले. इतक्या वर्षांत असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. प्रश्न मूर्खपणाचा होता. रात्रीची भाजी निवडतानाही तो डोक्यातून गेला नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

खुटवडांनी जुबेदाकडून विचारलं, घरी येऊन दादाशी बोललं तर चालेल का. मी म्हणाले, येऊ देत, चहा प्यायल्याने काही ठरत नाही. रुमाल ताटलीएवढा झालाय. टेबलावर सपाट पडतो, कुठे सुरकुती नाही. इतकं बिनचूक काम बरेच दिवसांत झालं नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

खुटवड येऊन गेले. पांढरा शर्ट, इस्त्री घरीच केलेली असावी, कारण कॉलर एका बाजूला राहिली होती. दादाने मार्केट यार्डातल्या गाळ्यावर येणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलतो तसं बोलायला सुरुवात केली.

‘साप चावला तर पगार चालू राहतो का?’

‘चावू न देण्याचाच पगार आहे.’

‘घरी आणता का साप?’

‘नाही. त्यांना घर आवडत नाही.’

मला हसू आलं. मी खाली बघून विणत राहिले. खुटवड म्हणाले, ‘मला स्वयंपाक येतो. तुमच्या आईंना आमच्याकडे आणावं वाटलं तरी जागा आहे. मी घाई करत नाही.’ दादाने कप बशीत असा ठेवला की चहाचे थेंब उडाले आणि एक माझ्या रुमालावर पडला, नेमका चालू फेरीवर. लगेच धुतला, पण डाग राहिला.

ते गेल्यावर दादा म्हणाला, ‘माणूस वाईट नाही. पण मांडव भाचीचा आणि नवरी आत्या? लोक हसतील मुक्ते. शिवाय रात्री आईला उठवणार कोण?’

वहिनी म्हणाल्या, ‘आधी मैनाचं तरी होऊ द्या, वन्सं. मी काही नको म्हणत नाही.’

मी म्हणाले की मला तशी काही हौस नाही. दादाला बरं वाटलं. मलाही वाटलं असावं, कारण त्यानंतर जेवणापर्यंत मी उठलेच नाही आणि चार फेऱ्या घातल्या.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

तोरण झालं. गोल रुमालाला नवीन रीळ लावलं. ते आधीच्यापेक्षा ताठ आहे. नंबर तोच आहे, पण माल बदललेला दिसतो. दुकानदार म्हणाला, तोच माल आहे. दुकानदार असंच म्हणतात.

वहिनी सध्या फार गोड वागतात. रोज डब्यात माझ्या आवडीचं देतात. जुबेदा म्हणाली, ‘चांगलं जमलंय त्यांचं. तुझा पगार घरात आणि वर फुकटची मोलकरीण.’ मी तिच्याशी दुपारपर्यंत बोलले नाही. मग तिला लॅक्टोमीटर हवा होता म्हणून बोलावं लागलं.

८ मार्च, रविवार

रुमालाच्या कडा वर यायला लागल्यात. टेबलावर ठेवला की बशीसारखा बसतो. दर फेरीत जेवढे टाके वाढवायचे तेवढे वाढवलेत, दोनदा मोजून बघितले. तरी आत ओढलं जातंय. एक तर दोरा, नाहीतर हवा. मार्चमध्ये दोरा कोरडा होतो.

नियमाप्रमाणे उसवायला हवं. पण कुठपर्यंत, ते सापडत नाही. चूक अशी एका जागी नाहीच. पुढे विणत राहिले. नियम मोडला की काय, ते शेवटी बघू.

१७ मार्च, मंगळवार

आईच्या गुडघ्यांना तेल लावत होते. ती डोळे मिटून पडली होती. मध्येच म्हणाली, ‘त्या सापवाल्याचं काय झालं गं?’

‘काही नाही.’

‘तू न्हाई म्हनलीस का तुझ्या दादानं?’

‘दोघांनीही.’

‘माझं निमित्त केलं आसंल.’

मी दुसऱ्या गुडघ्याला तेल लावायला घेतलं. आई उठून बसली.

‘आगं, मला उठवायला ह्या घरात मानसं हायती. सून हाय, ल्योक हाय. न्हाई आली कोन तर हाक मारंन, माझा घसा चांगला हाय. पर तू माझ्या नावानं बसून ऱ्हाऊ नगंस. मला त्याचं वझं हुतं.’

वाईट वाटलं. मी तिला सांभाळते असं मी धरून चालले होते, आणि तिला मी जड होते. हे तिने आधी का सांगितलं नाही असं विचारावंसं वाटलं. पण मीही तिला कधी काही विचारलेलं नाही. तेलाची बाटली सांडली. फरशी पुसण्यात अर्धा तास गेला.

३१ मार्च, मंगळवार

जुबेदा म्हणाली, ‘खुटवडांना फुरसुंगीचं एक स्थळ आलंय. बाई शाळेत शिपाई आहे, मनमिळाऊ आहे. ते विचार करतायत.’

‘करावा.’

‘तुझ्याबद्दल म्हणाले, एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे मागे लागणं. मुक्ताबाईंना काही सांगायचं असलं तर मी तिथेच असतो. बुधवारी सुट्टी.’

‘मला काही सांगायचं नाही.’

‘मी कुठे काय म्हणतेय?’

फुरसुंगी लांब आहे. तिथल्या बाईला कात्रजला रोज येणं-जाणं जड जाईल. म्हणजे लग्न झाल्यावर जावं लागणार नाही, हे माझ्या लक्षात आलं ते बसमध्ये.

आज सुई टाक्यात शिरेना. जोर लावला तेव्हा बोटात घुसली. हातात दोष नाही. सुई जुनी झालीय.

७ एप्रिल, मंगळवार

गोल रुमाल संपवला. कडेला कंगोरे घातले. त्याला आता रुमाल म्हणवत नाही. तो उभा राहतो.

वहिनींनी बघितला आणि म्हणाल्या, ‘अगंबाई! हा खोलगट कसा काय?’

‘दोरा खराब निघाला.’

‘खळ लावून पिना मारू. बसंल खाली.’

साबुदाण्याची खळ केली. जुन्या गादीवर रुमाल पसरून चारी बाजूंनी टाचण्या मारल्या. मैनाही मदतीला आली. ‘आत्या, हा तुझ्यासारखाच आहे, कुणाचं ऐकत नाही,’ असं म्हणाली. मी तर सगळ्यांचंच ऐकते. ही मुलगी माणसं ओळखण्यात कच्ची आहे, सासरी कसं होणार कोण जाणे.

८ एप्रिल, बुधवार

सकाळी टाचण्या काढल्या. अर्ध्या तासात तो पुन्हा वर आला. आता खळीमुळे कडकही झालाय. वहिनींनी कपाळाला हात लावला. तिपाईवर विकतचा घालू म्हणाल्या. मी तो पिशवीत टाकला.

११ एप्रिल, शनिवार

डेअरीत जुबेदाने पिशवीत डोकावून तो बाहेर काढला आणि मुठीवर फिरवून बघितला. ‘अगं, ही तर टोपी झाली! अम्मी अशाच विणतात, नमाजाच्या. फक्त त्यांच्या टोप्यांवर अननस नसतात.’

‘मी टोप्या विणत नाही.’

‘मग ही काय आहे?’

मी तिला सांगितलं की हा बिघडलेला नमुना आहे. ती म्हणाली, मग तपास.

१२ एप्रिल, रविवार

तपासला. काम वाया का गेलं हे कळायला हवं, नाहीतर पुढचंही जाईल. पट्टी घेऊन आतून बाहेर एकेक फेरी बघत गेले. आतलं सगळं मऊ आहे, टाके मोकळे, एकसारख्या उंचीचे. मग एका फेरीवर तो चहाचा डाग. डागानंतरची फेरी आधीपेक्षा बुटकी. तिच्यापुढची आणखी बुटकी. तिथून कडेपर्यंत एकही टाका मोकळा नाही. नवीन रीळ त्याच्या बरंच पुढे लागलंय, त्याची गाठ मला सापडली. म्हणजे दोऱ्याचा दोष नाही. दुकानदाराला उगाच बोलले.

डाग सोळा फेब्रुवारीचा. त्या दिवशी पाहुणे आले होते. उकडत होतं, असं आधी इथे लिहिणार होते. पण उकडत नव्हतं. मला आठवतंय, खुटवडांनी आत येताना स्वेटर काढून हातावर घेतला होता. कोपरावर विरलेला, विटकरी रंगाचा.

आता उसवायचं तर डागापर्यंत उसवायला हवं. सुई बाजूला ठेवली, शेवटची गाठ शोधली. क्रोशाचं एक टोक सोडलं की सगळं सरसर सुटत येतं, काही वेळ लागत नाही. गाठ नखात धरून बसले होते. आईने आतून चहा मागितला. गाठ तशीच ठेवून मी उठले.

१९ एप्रिल, रविवार

सर्पोद्यानात गेले होते. एकटी. त्यांनी एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं मी दिलेलं उत्तर बरोबर नव्हतं. चुकीचं उत्तर तसंच ठेवणं मला आवडत नाही, एवढंच कारण.

लहान मुलांची कसलीशी सहल आली होती. खुटवड त्यांना सांगत होते की साप दूध पीत नाहीत. मी डेअरीतली, त्यामुळे ते ऐकताना जरा अवघडले. मुलं पुढे सरकल्यावर ते माझ्याकडे आले. मी पिशवीतून तो काढला.

‘तुम्ही विचारलं होतं, यात काय ठेवतात.’

‘हो.’

‘हा आता असा झालाय. तिपाईवर बसत नाही.’

त्यांनी तो हातात घेतला. फिरवून बघितला. मला वाटलं, आत काहीतरी ठेवून बघतील. त्यांनी सरळ डोक्यावर घातला. तो बसला. कपाळावर जिथे बसायला हवा तिथे, मागे जिथे थांबायला हवा तिथे. पांढरे अननस, कडेला कंगोरे. सहलीतली मुलं अजगर सोडून त्यांच्याकडे बघायला लागली. दोन मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या. त्यांनी तो काढला नाही.

‘खळ जरा टोचतेय,’ ते म्हणाले, ‘पण घट्ट होत नाही. माप कधी घेतलंत?’

‘घेतलं नाही. मी माणसांच्या मापाचं काही विणत नाही.’

‘बरं.’

शेजारच्या पिंजऱ्यात धामण पडली होती, हालत नव्हती. मी इतका वेळ माणसासमोर नुसती उभी राहिल्याचं आठवत नाही. छाती धडधडत होती. हे लिहायला लाज वाटते, पण धडधडत होती.

मी विचारलं, ‘फुरसुंगीचं काय झालं?’

‘अजून कळवलेलं नाही. या आठवड्यात कळवायचंय.’

‘नाही म्हणून कळवा.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. टोपी अजून डोक्यावरच होती. ‘बरं,’ म्हणाले. मग त्यांना कुणीतरी आतून हाक मारली. ते तसेच गेले, टोपीसकट. मी बसने घरी आले. कात्रजच्या स्टॉपवर चुकून स्वारगेटच्या ऐवजी खेड-शिवापूरकडे जाणाऱ्या गाडीत चढत होते. कंडक्टरने उतरवलं.

२१ एप्रिल, मंगळवार

दादाला सांगितलं. मैनाचं होऊ दे, जूनमध्ये आम्ही रजिस्टर करू, मांडव नको, वरात नको. दादा बराच वेळ पेपर वाचत राहिला. पेपर कालचा होता.

मग म्हणाला, ‘आईचं?’

आतून आईचा आवाज आला, ‘आईचा घसा चांगला हाय!’

वहिनी पदराआड हसल्या. हसल्या की रडल्या, मला नक्की दिसलं नाही. दादा उठून गाळ्यावर गेला. जेवायला आला, तेव्हा एवढंच म्हणाला, ‘त्यांना सांग, कॉलर नीट इस्त्री करत जा.’ म्हणजे त्यानेही ती बघितली होती.

४ मे, सोमवार

मैनाचं लग्न काल झालं. रुखवत पोर्चमध्ये मांडलं होतं. टीव्हीचा रुमाल, तोरण, वहिनींच्या बहिणीने केलेला साखरेचा बंगला आणि एक विकतचा टेडी बेअर. तिपाईवर विकतचा रुमाल. चिठ्ठ्या दादाने आदल्या दिवशीच लिहून ठेवल्या होत्या.

सकाळी बघते तर माझ्या वस्तूंपुढच्या चिठ्ठ्या बदललेल्या. मेंदीच्या हाताने लिहिलेल्या, वाकड्यातिकड्या. ‘हे माझ्या मुक्ताआत्याने विणले आहे. मला येत नाही.’ मैनाची सासू चष्मा लावून ते वाचत होती. म्हटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार.

सासूबाईंनी तोरणाची कड बोटांनी चाचपली आणि विचारलं, ‘ह्या आत्या कुठल्या?’ मैनाने माझं मनगट धरून मला पुढे ओढलं. त्या म्हणाल्या, ‘काम स्वच्छ आहे. आणि मुलगी खरं लिहिते.’

दादाने चिठ्ठ्या बघितल्या. म्हणाला, ‘अक्षर घाण आहे.’ त्याने त्या काढल्या नाहीत.

पाठवणीच्या वेळी मी रडले. सगळेच रडत होते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नसावं. मच्छिंद्र जेवणाच्या पंगतीत वाढायला उभे होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

१० मे, रविवार

मच्छिंद्र आले होते. अंगणात उभं करून मी त्यांची मापं घेतली. शिंप्याकडची टेप जुबेदाने आणून दिली होती. छाती, खांदा, उंची. खांद्याशी टेप धरताना त्यांचा श्वास माझ्या कपाळाला लागत होता, म्हणून आकडा एकदा चुकला, परत घ्यावा लागला. आई दारातून सूचना देत होती. टोपी त्यांनी धुतलीय. खळ गेल्यामुळे आता टोचत नाही म्हणे.

मी सांगितलं, बिनबाह्यांचा स्वेटर होईल, थंडीपर्यंत. माणूस जाड झाला तर मला बोल लावायचा नाही. ते म्हणाले, लावणार नाही, उसवून परत विणा. मी विचारलं, रंग कुठला?

हिरवा म्हणाले. पोपटी नको, जरा गडद.

मी हिरव्या रंगाचं आजवर काही विणलेलं नाही. हिरवा मला आवडत नाही. दुपारी तुळशीबागेत जाऊन हिरव्या लोकरीचे सहा गुंडे आणले.